आधी भिंत, मग सिल्व्हर सर्फर

घरातली पश्चिमेची भिंत कोणती, ते आधी बघा. नागपुरात राहून कॉमिक्समधल्या अंतराळवीरांच्या, यंत्रमानवांच्या आणि परग्रहवासीयांच्या ॲक्शन फिगर जमवायच्या असतील, तर पहिला निर्णय हाच. कोणती फिगर, कुठून, कितीला, हे सगळं नंतर. एप्रिल अर्धा सरला की ही भिंत दुपारपासून तापायला लागते आणि रात्रीची जेवणं झाली तरी निवत नाही. तिला टेकून काचेचं कपाट ठेवलं आणि त्यात हौसेने पंधरा-वीस फिगर उभ्या केल्या, तर मे महिन्यात एका सकाळी त्यातले निम्मे वीर गुडघ्यात वाकलेले आणि दोघे-तिघे तोंडावर पडलेले दिसतील. मुंबई-पुण्याच्या संग्राहकांचे सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते यामुळेच. २३ मे २०१३ ला या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा दर वर्षी जात नसला, तरी ४४-४५ अंशांचं इथे कुणाला नवल वाटत नाही.

फिगर वाकते ती का, हे समजून घेतलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. साधारणपणे एका फिगरमध्ये दोन प्लास्टिकं असतात. सांध्यांच्या खुंट्या, छातीचा सांगाडा असे कडक भाग बहुधा एबीएसचे. चेहरा, हाताचे पंजे, केप, तलवारी, पंख हे मऊ पीव्हीसीचे. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यात तेलकट रसायनं मिसळलेली असतात. उष्णतेने ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, फिगर चिकट लागते, आणि मग सीताबर्डीची सगळी धूळ तिच्यावर येऊन बसते. शिवाय तापलेलं मऊ प्लास्टिक वजन पेलत नाही. सगळा भार घोट्यांवर, म्हणून घोटे आधी जातात.

तेव्हा जागा निवडताना दोन खोल्यांमधली आतली भिंत सगळ्यात चांगली, नाहीतर उत्तरेची. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब तापतो हे धरून चाला आणि वरचे कप्पे पुस्तकांना देऊन खालचे फिगर्सना द्या. माळ्याचं नाव काढू नका. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि मागच्या फळीला दोन-तीन भोकं पाडून घ्या, म्हणजे आतली हवा कोंडत नाही. आत दिवे हवेच असतील तर एलईडी पट्टी लावा, पण तिचा ॲडॅप्टर कपाटाबाहेर ठेवा. तो दिसतो एवढासा, पण बंद कपाटात चांगलाच तापतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा जाड हवा, कारण पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं ते मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांनी. काचेवर चिकटवायची यूव्ही फिल्म मिळते, तीही उपयोगी. फॅंटॅस्टिक फोरच्या पांढऱ्या पोशाखातल्या फिगर असतील तर ही काळजी दुप्पट घ्या. पिवळेपणा धुऊन निघत नाही.

आता कूलर. नागपूरचं घर आणि कूलर यांचं नातं सांगायला नको. कूलरची हवा थंड असते पण दमट. तिच्या झोतात कपाट आलं, की खोक्यांचे पुठ्ठे फुगतात, चिकटवलेले कार्ड सुटतात, आणि सांध्यातल्या बारीक लोखंडी स्क्रूंना तांबेरा धरतो. म्हणजे ज्या खोलीत कूलर, तिथे कपाटाला दार हवंच आणि ते झोताच्या वाटेत नको. एसीच्या खोलीत हा त्रास नाही, पण नुसत्या बाहुल्यांसाठी एसी चालवायचा म्हटलं तर घरात काय ऐकावं लागेल, ते ज्याचं त्याला माहीत.

नवतपा लागायच्या आधी, म्हणजे २० मेच्या आसपास, एक संध्याकाळ काढा. जड पंख, मोठी शस्त्रं, उडत्या अवस्थेतले स्टँड उतरवा. उंच आणि पुढे झुकलेल्या फिगर आडव्या करून सुती कापडात गुंडाळा आणि कपाटाच्या तळाशी ठेवून द्या. मान्सून आला की परत उभ्या करा. हा दर वर्षीचा नेम एकदा लागला, की वाकलेले पाय सरळ करायची वेळच क्वचित येते. आलीच, तर तो भाग अर्धा मिनिट कढत पाण्यात धरा, बोटांनी हवा तसा वळवा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. पीव्हीसी गार होताना जो आकार असेल तो धरून ठेवतं. उकळतं पाणी नको, रंग जातो.

खोक्यांत ठेवताना दोन गोष्टी टाळा. डांबराच्या गोळ्या साड्यांना चालतात, प्लास्टिकला नाही. नॅप्थलीनच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात आणि रंग चिकट होतो. वाळवी-झुरळांसाठी खोकंच नीट बंद होणारं घ्या, आणि पावसाळ्यात त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. दुसरी गोष्ट थर्माकोल. मऊ पीव्हीसीची फिगर वर्षानुवर्षं नुसत्या थर्माकोलला टेकून राहिली, तर तिच्यातली तेलकट रसायनं थर्माकोल खातात आणि ते फिगरला चिकटून बसतं. मध्ये साधा पांढरा कागद असला तरी पुरतं.

काय जमवायचं

जागा ठरली, की ती किती आहे ते मोजा. तीन फुटी फळी असेल तर सहा इंची फिगर मागे-पुढे धरून वीसेक मावतील, त्यापुढे गर्दी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एक माप आणि एक कथाविश्व धरा, आणि पहिली दोन वर्षं त्याबाहेर जाऊ नका. सगळंच थोडं थोडं जमवणाऱ्याचं कपाट दोन वर्षांनी खेळण्याच्या दुकानासारखं दिसतं आणि त्याला स्वतःलाच त्यातलं काय आवडतं ते सांगता येत नाही.

माप म्हणजे काय, ते आधी सांगतो. पावणेचार इंची फिगर म्हणजे साधारण १:१८ प्रमाण. १९७८ मध्ये केनर कंपनीने स्टार वॉर्सच्या फिगर या मापात काढल्या आणि नंतर ते माप रूढ झालं. सहा इंची म्हणजे १:१२. मार्व्हल लेजंड्स ही मालिका २००२ पासून याच मापात आहे, आधी टॉय बिझ आणि २००७ पासून हॅस्ब्रोकडे. मॅकफार्लेनची डीसी मल्टिव्हर्स मालिका २०२० पासून सात इंची. आणि बारा इंची, १:६, हॉट टॉइजसारख्या हाँगकाँगच्या कंपनीचा प्रांत; तिथे एका फिगरला पंचवीस हजारांच्या पुढे सहज जातात. मापं मिसळली तर काय होतं? मॅकफार्लेनचा ग्रीन लँटर्न हॅस्ब्रोच्या थॉरशेजारी उभा केला, की आपला पृथ्वीवरचा माणूस ॲसगार्डच्या देवापेक्षा उंच दिसतो. एकदा ते डोळ्यांत सलायला लागलं की सलतच राहतं.

आपल्या नागपूरच्या हवेत आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मला पावणेचार इंची माप सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. वजन कमी म्हणून घोट्यांवर भार कमी, जागा कमी, पैसेही कमी. चेहऱ्याचा तपशील हवा असेल तर सहा इंची घ्या. त्यापुढे मात्र विचार करून जा. हॅस्ब्रोने २०२१ मध्ये आगाऊ मागणी नोंदवून काढलेला गॅलॅक्टस ३२ इंच उंच आहे. म्हणजे त्याच्यासाठी फळी नव्हे, कोपरा लागतो.

कथाविश्व निवडायला विज्ञानकथेचा धागा चांगला, कारण त्यामुळे नुसते केप घातलेले शेकडो वीर आपोआप बाजूला पडतात. मार्व्हलची अंतराळाची बाजू घ्या: १९६६ चा सिल्व्हर सर्फर आणि गॅलॅक्टस, १९७३ चा थॅनोस, १९७६ चा रॉकेट, आणि मग गार्डियन्स. दहा-बारा फिगरमध्ये ही फळी भरीव दिसते. डीसीकडे ॲडम स्ट्रेंज, ब्रेनियाक आणि १९५९ चा हॅल जॉर्डन. ब्रिटिश चवीचं हवं असेल तर १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘२००० एडी’ साप्ताहिकातला जज ड्रेड आहे. हिया टॉइजने त्याच्या १:१८ फिगर काढल्या आहेत, बारीक कामाच्या, आणि त्यांचं जग अगदी छोटं, म्हणून खिशाला झेपणारं.

पण ज्यांचं बालपण इंद्रजाल कॉमिक्सवर गेलं, त्यांना मी वेगळीच वाट सुचवीन. टाइम्स समूहाचं हे प्रकाशन १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला थांबलं, मराठीतही निघायचं. वेताळ, मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन ही मंडळी आपल्याला भेटली ती त्यातून. फ्लॅश गॉर्डन तर १९३४ चा. अंतराळातल्या साहसकथांच्या मुळाशी असलेल्या मोजक्या वीरांपैकी. पुढे १९८६ मध्ये ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ या कार्टून मालिकेत या तिघांना आणि लोथारला एकत्र आणून परग्रहाच्या मिंगशी लढायला लावलं. तिच्या फिगर त्या काळी गलूब कंपनीने काढल्या होत्या, आणि अलीकडे नेका कंपनीने सात इंची मापात त्याच मंडळींना नव्याने काढलं. वेताळ तसा जंगलातला, विज्ञानकथेशी त्याचा संबंध नाही. पण या मालिकेत तो भविष्यात आला, तेव्हा नियमात बसतो असं धरायला हरकत नाही. फ्लॅश, मिंग, वेताळ, मँड्रेक, लोथार आणि मिंगचा हस्तक गॅरॅक्स: सहा फिगर, एक अर्धी फळी, आणि शेजारी दोन-चार जुने इंद्रजालचे अंक उभे. घरी येणाऱ्या साठीच्या काकांनाही कळेल असा संग्रह.

फनस्कूल आणि लिओ: घरातलंच सोनं

१९९० च्या आसपास वाढलेल्या मुलांकडे एक तरी जी. आय. जो असायचाच. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये फनस्कूल उभी राहिली, गोव्यात तिचा कारखाना आला, आणि अमेरिकेतल्या साच्यांमधून आपल्याकडे फिगर निघायला लागल्या. जी. आय. जोला इथे बसवायला कुणी हरकत घेईल, पण पावणेचार इंची जो आणि मार्व्हलचं त्याचं कॉमिक ही दोन्ही १९८२ मध्ये हातात हात घालूनच आली. कॉमिक लिहिणाऱ्या लॅरी हामानेच पात्रांच्या माहितीची ती खोक्यामागची कार्डं लिहिली. लेझर बंदुका, हवामान बदलणारी यंत्रं, इतिहासातल्या अनेक जेत्यांच्या डीएनएवरून तयार केलेला सर्पेंटॉर; विज्ञानकथा नाही तर दुसरं काय?

फनस्कूलची गंमत रंगात आहे. अमेरिकेत हिरवा असलेला सैनिक इथे भलत्याच रंगात निघायचा, आणि काही पात्रं तर फक्त भारतातच झाली. मोटरसायकलवाला स्ट्रीट हॉक त्यांतलाच. परदेशातले संग्राहक या भारतीय आवृत्त्या मुद्दाम शोधतात. म्हणून आईच्या घरी जाल तेव्हा माळ्यावरचे डबे उघडून बघा. तसंच लिओ मॅटेलचे ही-मॅन. त्या मालिकेच्या फिगरबरोबर मूळ अमेरिकेत छोटं कॉमिक मिळायचं, कथा त्यातूनच सुरू झाली. इथल्या ही-मॅनचे पाय आतल्या रबराने ओढून धरलेले असतात. रबर गेलं की पाय लुळे पडतात, फिगर मात्र चांगलीच असते.

जी. आय. जोचंही दुखणं तेच, आणि ते घरी दुरुस्त होतं. जुना जो हातात घेतल्यावर धड आणि पाय वेगवेगळे लोंबकळत असतील किंवा निखळलेच असतील, तर आतली रबरी रिंग तुटली आहे. पाठीवर मधोमध एक छोटा स्क्रू दिसेल. घड्याळजीकडे असतो तसा बारीक, पण टोक बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. सैल बसला तर स्क्रूचं तोंड झिजतं आणि मग काम अवघड. स्क्रू निघाला की पाठीची बाजू हळूच उचला. हात दोन्ही बाजूंनी सुटतील, डोकंही. ते कसे बसले होते त्याचा मोबाइलवर फोटो आधीच काढून ठेवा. आत काळ्या रबराचे तुकडे किंवा चिकट डांबरासारखा राप दिसेल, तो कापसाच्या बोळ्याने पुसा. पायांच्या वरच्या टोकाला इंग्रजी ‘टी’सारखा धातूचा आकडा असतो. नवी रिंग त्या आकड्यात अडकवायची, कमरेच्या तुकड्यातून वर ओढायची आणि छातीतल्या स्क्रूच्या खांबाभोवती घालायची. मग हात, डोकं, पाठ, स्क्रू. रिंग नळाच्या सामानाच्या दुकानात शोधताना जुनीचा तुकडा नमुन्याला न्या. थोडी सैल चालते. फार घट्ट घेतली तर ती ओढ कमरेच्या जुन्या, ठिसूळ प्लास्टिकवर येते आणि तो तुकडा मधोमध फाटतो. तो फाटला की मग दुसरी मोडकी फिगर शोधून तिचा भाग काढावा लागतो.

जो विकत घेताना अंगठे बघा. हातात बंदूक कोंबून कोंबून अंगठा मोडलेला असतो आणि विकणारा तो फोटोत लपवतो. कोपरात रिवेटच्या शेजारी बारीक चीर आहे का, तेही बघा. स्वतःच्या फिगरला शस्त्र देताना पंजा आधी हेअर ड्रायरने जरा ऊबदार करून घ्या, हिवाळ्यात तर नक्कीच. डिसेंबरात नागपूरची थंडी आठ-दहा अंशांवर जाते आणि जुनं प्लास्टिक त्या दिवसांत काडीसारखं मोडतं.

सांधा अडकला असेल तर जोर लावू नका. गरम पाणी, मग हलकेच मागे-पुढे. तेल घालायचंच तर सिलिकॉन ऑइलचा एक थेंब; खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको. आणि डाग काढायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर कधीच नाही. एबीएस त्यात विरघळतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश, इतकंच सामान पुरतं. चिकट झालेल्या फिगरलाही हाच उपाय, आणि मग काही दिवस उघड्या हवेत सावलीत. बंद ब्लिस्टरमध्ये वर्षानुवर्षं कोंडलेल्या फिगर जास्त चिकट होतात, कारण बाहेर आलेली रसायनं तिथेच साचून राहतात. खोकं न उघडता ठेवावं की उघडावं, या सनातन वादात माझं मत उघडण्याच्या बाजूचं आहे त्याचं एक कारण हेही. न उघडता ठेवायचंच, तर पुठ्ठा सांभाळण्याची तयारी ठेवा; पुठ्ठा बिघडला की किंमत उरत नाही.

घेताना

नागपुरात घेण्याचे मार्ग थोडे आहेत, तेव्हा फसवणुकीचेही ओळखीचे आहेत. बर्डीच्या फुटपाथवर आणि इतवारीच्या घाऊक बाजारात मिळणाऱ्या दीडशे-दोनशेच्या फिगर कॉपी असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यात गैर काही नाही. पोरांना खेळायला घ्या, पुड्यावर आयएसआय खूण आहे का तेवढं बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ही खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. अडचण आहे ती कॉपी अस्सल म्हणून विकली जाते तिथे. “ओरिजनलच आहे ना भाऊ, एक्स्पोर्टचा माल आहे,” असं म्हणणारा भेटला की फिगर उलटी करा. पाठीवर, मांडीच्या मागे किंवा तळव्यावर कंपनीचं नाव, वर्ष आणि हक्कधारकाचं नाव कोरलेलं असतं. कॉपीत ते पुसट, अर्धवट किंवा गायबच. रंगाच्या कडा बघा: पट्ट्याचा रंग कापडावर सांडलाय का? डोळे एका रेषेत आहेत का? सिनेमावर बेतलेल्या नव्या चेहऱ्यांवर हॅस्ब्रो डोळे-भुवया छापते, त्यात भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. कॉपीत ब्रशचा सपाट ठिपका. वासही सांगतो. अस्सल नव्या फिगरचा वास सौम्य असतो, कॉपी उघडली की रॉकेलच्या जवळपासचा भपका येतो.

जपानी एस. एच. फिग्युआर्ट्सच्या बाबतीत जास्तच सावध राहा, कारण त्यांच्या कॉपी इतक्या चांगल्या निघतात की ‘फर्स्ट कॉपी’ असं अभिमानाने सांगून विकल्या जातात. खोक्यावरची छपाई, सांध्यांचा घट्टपणा आणि किंमत या तिन्ही गोष्टी एकत्र बघा. चार-पाच हजारांची वस्तू बाराशेला देणारा कुणी आपला मामा नसतो.

सहा इंची मार्व्हल लेजंड्स इथल्या अधिकृत विक्रेत्यांकडे साधारण दोन ते तीन हजारांत मिळते. तेव्हा बाहेरून मागवण्याआधी ती इथे येणार आहे का, हे बघा. बाहेरून मागवण्याचं गणित कडक झालं आहे. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यावर अधिभार आणि जीएसटी वेगळे. वैयक्तिक पार्सलला लागणारा दर वेगळा असू शकतो आणि अर्थसंकल्पागणिक तो बदलतो, म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशी कुरियर कंपनीला त्या दिवशीचा दर विचारा आणि मग वस्तूची किंमत, पाठवणावळ आणि शुल्क यांची बेरीज कागदावर करा. पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिलं की सुटतं, हा समज जुना झाला. भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली, राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटतात.

त्यापेक्षा सुट्टीवर येणारा भाचा बरा. त्याला फिगर खोक्यातून काढून मोज्यात गुंडाळायला सांगा आणि खोकं चपटं करून बॅगेच्या तळाला घालायला सांगा. खेळण्यातल्या का असेनात, बंदुका चेक-इनच्या बॅगेत. केबिन बॅगेत ठेवल्या तर सुरक्षा तपासणीत त्यांची रवानगी डब्यात होऊ शकते. मुंबईच्या कॉमिक कॉनला विदर्भ एक्सप्रेसने जाऊन येणाऱ्यांनाही हाच मोज्याचा सल्ला. तिथे शेवटच्या दिवशी संध्याकाळी विक्रेते भाव पाडतात, पण चांगला माल पहिल्या दिवशीच गेलेला असतो. यादीत असेल ते पहिल्या दिवशी, यादीबाहेरचं शेवटच्या संध्याकाळी.

ऑनलाइन काहीही घ्याल ते एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत टाळा. पत्र्याच्या गोदामात आणि बंद गाडीत दोन दिवस उकडलेली फिगर वाकून येते आणि परत घेण्यावरून वाद होतात. घ्यावीच लागली तर पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून.

थ्री-डी प्रिंट करून घेणाऱ्यांसाठी एक इशारा. स्वस्तातलं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी थोडं महाग, पण ते जवळपास ८० अंशांपर्यंत तग धरतं. साबूला, म्हणजे चाचा चौधरीच्या त्या गुरू ग्रहावरच्या पहिलवानाला, स्वतः डिझाइन करून घडवायचा बेत असेल, तर पीईटीजीतच घडवा.

घरातली माणसं

“या वयात बाहुल्या?” हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर द्यायचंच असेल तर कपाटावरच्या लाकडी बैलाकडे बोट दाखवा. तान्ह्या पोळ्याचा बैल नागपूरच्या किती घरांत आजोबांपासून चालत आलेला आहे! वर्षातून एकदा तो उतरतो, धुतला-सजवला जातो, पोरं त्याला घेऊन बोजारा मागायला फिरतात आणि तो परत वर जातो. त्याला माळ्यावरचा उन्हाळा बाधत नाही आणि दर वर्षी नवा रंग लावला तरी त्याची किंमत घटत नाही, एवढाच फरक. फिगरला मात्र घरी रंग लावू नका. रंग उडालेली मूळ फिगर रंगवलेल्या फिगरपेक्षा केव्हाही चांगली.

घरात लहान मूल असेल तर कुलूप लावून भांडण मिटत नाही. खालच्या कप्प्यात पाच-सात साध्या, सुट्या फिगर त्याच्यासाठी ठेवा, म्हणजे वरच्या राहतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र शस्त्रं, शिरस्त्राणं असे बारीक सुटे भाग मुळीच देऊ नका, गिळले जातात.

सुट्या भागांसाठी झिपच्या छोट्या पिशव्या आणि प्रत्येकीवर फिगरचं नाव. सिल्व्हर सर्फरची फळी हरवत नाही, पण जोची पाठपिशवी, बंदूक, दुर्बीण यांना पाय फुटतात. शिवाय एक वही किंवा मोबाइलवरचा तक्ता ठेवा: घेतल्याची तारीख, किंमत, कुणाकडून, काय कमी आहे, समोरून आणि मागून एकेक फोटो. बदली झाली, घर बदललं, किंवा विकायची वेळ आली, तर हाच तक्ता कामाला येतो.

आणि विकायची वेळ येतेच, कारण फळी भरते. विकताना एक लक्षात ठेवा: कंपनी एखादी दुर्मिळ फिगर पुन्हा काढते तेव्हा जुनीचा भाव एका आठवड्यात पडतो, त्यामुळे फक्त नफ्यासाठी धरून ठेवलेली फिगर हा तोट्याचा धंदा ठरू शकतो. फनस्कूलच्या जुन्या मालाला तो धोका कमी. नागपुरातल्या नागपुरात विकायचं असेल तर प्रत्यक्ष भेटा, चहा प्या, फिगर उलटसुलट बघू द्या आणि दोष स्वतःहून दाखवा. संग्राहकांचं वर्तुळ लहान आहे, नाव लवकर पसरतं. बाहेरगावी पाठवायची तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. आत कागद, वर बबल रॅप, खोक्यात खोकं, आणि पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी टाका. शुक्रवारी टाकलं तर शनिवार-रविवार ते कुठल्या तरी गोदामात ढिगाच्या तळाशी पडून राहतं.